फूटपट्टीने रायफल कळत नाही: बुलपपबद्दल बोलताना या चुका टाळा

आमच्याकडे रिटायर फौजी दिसला की त्याला मेजरच म्हणतात. मीही तसाच मेजर. पायदळात शस्त्रप्रशिक्षण देण्यात नोकरीची बरीच वर्षं गेली. आता खानापूर तालुक्यात, घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये भरतीच्या पोरांची तयारी करून घेतो. बेळगावात मराठा रेजिमेंटल सेंटर असल्यामुळे या पट्ट्यात फौजेत कुणीच नाही असं घर शोधावं लागतं. जांबोटी, नंदगड, येळ्ळूर, पलीकडून चंदगड, सगळीकडून पोरं येतात. कुणी अग्निवीरसाठी, कुणी सीडीएससाठी, म्हणजे अधिकारी भरतीच्या परीक्षेसाठी. धावण्यात, दंडबैठकांत पोरं चांगली आहेत. पण रायफलीचा विषय निघाला की मोबाईलवर बघितलेलं बोलायला लागतात, आणि सगळ्यांत जास्त चुकीचं बोलतात ते बुलपपबद्दल. दर बॅचला त्याच चुका. म्हणून एकदा लिहूनच काढतो.

बुलपप म्हणजे काय ते आधी. जिची मॅगझीन (गोळ्यांची पेटी) आणि बोल्टची (गोळी नळीत ढकलणाऱ्या खिळीची) सगळी यंत्रणा चापाच्या मागे, दस्त्याच्या पोटात असते ती बुलपप. नेहमीच्या रायफलीत दस्ता हा खांद्याला टेकायचा भाग असतो, आत विशेष काही नसतं. ती जागा वापरली की नळी आहे तेवढीच ठेवून रायफल वीस-पंचवीस सेंटिमीटरनं आखूड होते. कल्पना एवढीच. बाकी सगळी भांडणं त्या वीस-पंचवीस सेंटिमीटरची किंमत कुठे भरायची यावरची आहेत.

चूक पहिली: लांबी वाचायची आणि निकाल द्यायचा

या चुकीचा मला फार राग आहे, कारण ती मी स्वतः केलेली आहे.

नोकरीत असताना एका शस्त्रप्रदर्शनात स्पेशल फोर्सेसच्या एका नायकाने मला इस्रायली तावोर हातात दिली. तेव्हा आमच्या हाती आपली देशी, नेहमीच्या मांडणीची इन्सास. इन्सास ९६० मिलिमीटर लांब, वजन चार किलोच्या वर. तावोर टीएआर-२१ साधारण ७२० मिलिमीटर, आणि सव्वातीन किलोच्या आसपास. नळ्या बघा: इन्सासची ४६४ मिलिमीटर, तावोरची ४६०. म्हणजे नळी जवळजवळ तेवढीच आणि रायफल एक वीत कमी. मी खांद्याला लावली, डावी-उजवीकडे फिरवली, दारातून आत-बाहेर केली आणि पाच मिनिटांत बोलून मोकळा झालो, ‘हीच पाहिजे आपल्याला.’

तो नायक शांत माणूस. म्हणाला, ‘उस्ताद, एकदा झोपून बघा.’ मी पोटावर झोपलो. म्हणाला, ‘आता मॅगझीन बदला, नजर समोरच्या झाडावर ठेवून.’ आणि माझा हात सापडेना. इतकी वर्षं डावा हात पुढे जायचा, मॅगझीन डोळ्यांसमोर असायची. इथे ती माझ्या काखेखाली. कोपर उचललं तर खांदा उठला, खांदा उठला तर डोकं उठलं. तिसऱ्या प्रयत्नाला मी खाली बघितलं. तो एवढंच म्हणाला, ‘जितका वेळ खाली बघितलंत, तितका वेळ समोर कुणी नव्हतं असं धरून चालू.’ ते वाक्य मी कधी विसरलो नाही.

शेड सुरू केली तेव्हा पहिलं काम हेच केलं. गावातल्या सुताराकडून दोन लाकडी रायफली करून घेतल्या. एक इन्सासच्या मापाची, एक तावोरच्या. नळी दोन्हींची सारखी, मॅगझीनसाठी खाच, आणि लाकडाच्याच चार मॅगझिनी. दोन्हींचं वजन शिसं घालून जुळवलं, नाहीतर पोरं हलकीलाच चांगली म्हणतात. बॅच आली की आधी त्यांना टेम्पोच्या हौद्यात दाटीने बसवतो आणि दोन्ही घेऊन उतरायला लावतो. इथे बुलपप जिंकते, दर वेळी जिंकते. लांब रायफल फाळक्याला अडकते, शेजाऱ्याच्या गुडघ्याला लागते. हेलिकॉप्टर, बीएमपी ही पायदळाची चिलखती गाडी, अरुंद जिना, सगळीकडे हेच. पोरं लगेच ओरडतात, ‘मेजर, बारकीच बरी की!’

मग त्यांना पावसात नेतो. आमच्याकडचा जून-जुलैचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. भाताच्या बांधाआड पालथं झोपायचं, अंगावर घोंगडी, आणि मी मोजणार. एका मोजणीत मॅगझीन बदलायची, नजर समोरच्या खुंटीवर. लांब रायफलीवर दुसऱ्या दिवशी जमतं. बुलपपवर बहुतेकांचं डोकं उठतं, कोपर चिखलातून वर येतं. कंटाळलेली पोरं तिसऱ्या दिवशी म्हणतात, ‘ही रायफलच चुकीची आहे.’ एक नंदगडचा पोरगा होता, सावकाश शिकणारा. त्याने कुणालाच काही म्हटलं नाही. रोज सकाळी सगळे चहाला गेले की तो बांधावर जाऊन शंभर वेळा मॅगझीन बदलायचा. तीन आठवड्यांनी तो दोन्ही रायफलींवर सारखाच झाला. बुलपपची मॅगझीन बदलायला अवघड आहे हे खरं आहे, आणि सरावाने ती अडचण पुष्कळशी जाते हेही खरं आहे. ज्याने फक्त पहिला आठवडा बघितला त्याला अर्धंच कळलं.

या चुकीचं एक भावंड आहे. ‘बुलपप म्हणजे आखूड रायफल, लांब नळी’ हे पोरं पाठ करतात आणि प्रत्येक बुलपपला लावतात. इस्रायलचीच छोटी बुलपप एक्स९५ घ्या. लांबी ५८० मिलिमीटर, पण नळी ३३० मिलिमीटरचीच. म्हणजे मांडणीचा फायदा घेतला आणि वर नळीही कापली. तिची ५.५६ मिलिमीटरची गोळी हलकी असते, तिचं सगळं काम वेगावर चालतं. अमेरिकेच्या एम१६ ची ५०८ मिलिमीटरची नळी ३६८ करून एम४ केली, तेव्हा सेकंदाला पन्नासेक मीटर वेग गेला. ३३० ला आणखी जातो. दूरवर गेल्यावर ते जाणवतं.

मग एक्स९५ वाईट का? नाही. आमच्याच तालुक्यात तोराळीला सीआरपीएफच्या कोब्रा दलाची जंगलयुद्धाची शाळा आहे. कोब्रा जवान एक्स९५ वापरतात. कणकुंबी-चोर्ल्याच्या बाजूच्या जंगलात पावसाळ्यानंतर एकदा चालून या. करवंदीच्या जाळीत पंधरा-वीस पावलांपुढचा माणूस दिसत नाही. नक्षल भागातली जंगलंही अशीच दाट, तिथे तीनशे मीटरवरच्या वेगाची कुणाला पडली आहे? आखूडपणाच कामाचा. ताबारेषेवर एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर बघणाऱ्या जवानाचा हिशेब वेगळा. त्याच्यासाठी लष्कराने २०१९ मध्ये ७.६२ बाय ५१ मिलिमीटरच्या जड काडतुसाची सिग ७१६ रायफल घेतली, पहिल्या खेपेला ७२,४०० नग. एका देशाने दोन ठिकाणी दोन उत्तरं दिली, आणि दोन्ही बरोबर आहेत.

माझी सवय सांगतो. कोणत्याही रायफलीचे आकडे वहीत लिहिताना मी तीन रकाने करतो: एकूण लांबी, नळीची लांबी, काडतूस. एकही रकाना रिकामा असेल तर त्या रायफलीवर मत द्यायचं नाही. ऑस्ट्रियाची स्टायर एयूजी ७९० मिलिमीटर, नळी ५०८. एम४ दस्ता पूर्ण उघडून ८३८, नळी ३६८. हे दोन ओळीत लिहिलं की दिसतं, एयूजीची नळी चौदा सेंटिमीटरनं मोठी, तरी रायफल एम४ पेक्षा आखूड. नुसती लांबी वाचणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

चूक दुसरी: ‘ब्रिटिशांची जॅम झाली, म्हणून बुलपप फेल’

हे वाक्य मी एवढ्या वेळा ऐकलंय की आता पोराने ‘ब्रिटिशां’ म्हटलं की मी हात वर करतो.

मागे एक हुशार पोरगा होता, इंग्रजी उत्तम, सीडीएस लेखी पास. निवड मंडळासमोर तीन मिनिटांचं भाषण असतं, त्याला विषय मिळाला पायदळाच्या शस्त्रांचा. पोरगा खूश. धडाधड बोलला: ब्रिटनची एसए८०, आखाती युद्ध, वाळू, जॅम, म्हणून बुलपप ही कल्पनाच चुकीची. समोरच्या अधिकाऱ्याने एकच प्रश्न विचारला, ‘मग ऑस्ट्रियाची आणि ऑस्ट्रेलियाची कशी चालली?’ पोरगा गप्प. त्या एका प्रश्नाने तो पडला असं मी म्हणत नाही. पण परत आल्यावर त्याने मला विचारलं, ‘मेजर, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?’ मी सांगितलं होतं. त्याने दहा मिनिटांचा व्हिडिओ बघून माझं सांगणं जुनं ठरवलं होतं.

काय झालं होतं ते नीट बघा. ब्रिटनने एसए८० कुटुंबातली एल८५ १९८५ मध्ये स्वीकारली. एनफील्डचा सरकारी कारखाना त्याच काळात बंद होण्याच्या वाटेवर होता. १९८८ मध्ये तो बंद झाला आणि काम नॉटिंगहॅमला गेलं. १९९१ च्या आखाती युद्धात वाळूने तक्रारी उघड केल्या. मॅगझीन सोडायचं बटण अंगाला घासून दाबलं जायचं आणि मॅगझीन गळून पडायची. डास पळवायचं औषध हाताला असलं तर प्लास्टिक खराब व्हायचं. बोल्ट, एक्स्ट्रॅक्टर, फायरिंग पिन, मॅगझीन, एकेक भाग कच्चा. सन २००० च्या सुमारास जर्मनीच्या हेक्लर अँड कॉखने हेच भाग बदलून सुमारे दोन लाख रायफली एल८५ए२ केल्या. तीच रायफल मग इराक आणि अफगाणिस्तानात भरवशाची ठरली.

आता मला सांगा, या दुरुस्तीत मॅगझीन चापाच्या पुढे आणली का? नाही. मांडणी जशीच्या तशी राहिली. म्हणजे दोष मांडणीत नव्हता, घडणीत होता.

आणि आपल्याच घरातलं बघा. कारगिलच्या थंडीत इन्सासच्या प्लास्टिकच्या मॅगझिनी तडकल्याच्या तक्रारी आल्या. इन्सास तर सरळ नेहमीच्या मांडणीची. म्हणून कुणी म्हटलं का, की मॅगझीन पुढे असणं हीच चूक? कुणी नाही म्हटलं. प्लास्टिक खराब, एवढंच म्हटलं, आणि ते बरोबर होतं. मग बुलपपलाच वेगळा न्याय का?

वर्कशॉपची भाषा इथे कामाला येते. माझा एक वर्गमित्र बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करतो. त्याच्याकडे जॉब परत आला की तो आधी विचारतो, ड्रॉइंग चुकलं का माप चुकलं का माल चुकला? तीन वेगळे प्रश्न. रायफल अडकल्याची बातमी वाचलीत की हेच तीन विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत तोंड बंद ठेवा.

चूक तिसरी: ‘फ्रान्सने सोडली, चीनने सोडली, आता बुलपप संपली’

ही दुसरीचीच धाकटी बहीण. सोडली हे खरं. फ्रान्सने २०१६ मध्ये आपल्या फमास या बुलपपच्या जागी नेहमीच्या मांडणीची एचके४१६ निवडली, चीनने २०१९ च्या संचलनात तशाच मांडणीची क्यूबीझेड-१९१ दाखवली, न्यूझीलंडनेही स्टायर सोडली. पण का सोडली ते पोरं विचारत नाहीत. फमासची यंत्रणा काडतूस इतक्या लवकर आणि जोरात ओढायची की तिला पोलादी कवचाची काडतुसंच हवीत. नाटोच्या काडतुसाचं नेहमीचं पितळी कवच फाटायचं. सेंट-एतिएनचा कारखाना बंद, मॅगझीनही २५ गोळ्यांची स्वतंत्र. अशा रायफलीला मांडणी कुठलीही असती तरी म्हातारपण आलंच असतं.

मांडणीचा खरा दोष दुसरीकडे आहे, आणि त्याच्याबद्दल व्हिडिओत फारसं कुणी बोलत नाही. बहुतेक बुलपपचा दस्ता लहान-मोठा करता येत नाही, कारण आत यंत्र आहे. जवानाने छातीवर जाड बुलेटप्रूफ जॅकेट घातलं की खांदा दोन-तीन बोटं पुढे येतो. एम४ चा दस्ता दोन खाचा आत घेतला की झालं. बुलपपवाल्याने मान ताणायची. उंच जवान आणि बुटका जवान दोघांना एकच माप. आमच्याकडच्या पोरांची उंची बघता हे मला फार महत्त्वाचं वाटतं. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत सैन्यं बुलपपपासून दूर गेली त्याचं मोठं कारण हे जॅकेट आहे.

आणि सगळ्यांनी सोडलेलीही नाही. ऑस्ट्रेलियाने एयूजीच सुधारून लिथगोच्या कारखान्यात ईएफ८८ केली. क्रोएशियाची व्हीएचएस-२ आहे, सिंगापूरची सार-२१ आहे. लांब पल्ल्याच्या जड रायफलींत तर बुलपपचा मान अजून आहे: आपल्या लष्कराने ताबारेषेसाठी घेतलेली .५० ची बॅरेट एम९५ बुलपपच. तिची नळी पाऊण मीटरला थोडी कमी. ती नेहमीच्या मांडणीत केली तर डोंगरावर वाहून नेणाऱ्याने काय करायचं?

चूक चौथी: डावखुऱ्याला विसरणं

नेहमीच्या रायफलीत रिकामी काडतुसं चेहऱ्याच्या बरीच पुढून बाहेर पडतात. डावखुरा कुरकुरत का होईना चालवून घेतो. बुलपपमध्ये ती खिडकी थेट गालाशी. एल८५ डाव्या खांद्यावरून चालवायचीच नाही. काडतूस तोंडावर, आणि बोल्ट ओढायची मूठ, म्हणजे कॉकिंग हँडलही बोल्टबरोबर मागे-पुढे पळतं. एयूजी आणि फमासमध्ये खिडकीची बाजू बदलता येते, पण शस्त्रागारात बसून, आधीच. भिंतीच्या डाव्या कोपऱ्यावरून बघायला ऐन वेळी खांदा बदलायचा असेल तर ते कामाचं नाही. एफएन एफ२००० ने काडतूस नळीशेजारून पुढे नेऊन टाकलं, पी९० ने खाली टाकलं. हुशारी आहे. पण पुढे टाकायची वाट लांबली की अडकलेलं काडतूस काढणंही लांबतं.

आमच्या शेडमध्ये प्रत्येकाने दोन्ही खांद्यांवरून शिस्त घ्यायची, पहिल्या दिवसापासून. फौजेत नेम धरण्याला शिस्तच म्हणतात, मला तो शब्द फार आवडतो.

चूक पाचवी: चापाला नावं ठेवणं, कारण न समजता

बुलपपचा चाप पुढे आणि घोडा, म्हणजे गोळी फोडणारा हातोडा, मागे. मधे लांब दांडी. जुन्या ॲटलस सायकलचा दांडीचा ब्रेक आठवा: मूठ दाबली, आधी सगळे सांधे ढिले हलले, मग ब्रेक लागला. चाप ढिला, लिबलिबीत वाटतो तो यामुळे. नव्या रायफलींत बराच सुधारलाय. चाप ओढताना मोठ्याने ‘ढिला... आता पकडला... सुटली’ म्हणा, दोन आठवडे. ज्यांना असं मोठ्याने म्हणायची लाज वाटते त्यांच्या गोळ्यांचा ग्रुप कागदावर कधी जुळत नाही.

थोडक्यात आणखी काही

दुर्बिणीशिवाय, फक्त उघड्या माशीवर बुलपप जोखू नका. आखूड रायफलीवर पुढची आणि मागची माशी जवळ येतात, थोडी चूक दूरवर मोठी होते. म्हणूनच एयूजीवर सुरुवातीपासून दीडपट दुर्बीण आणि एल८५ वर चौपट.

बुलपप आणि छोटी कार्बाइन (नळी कापून आखूड केलेली नेहमीच्या मांडणीची रायफल) यांना एकच समजू नका.

गेममध्ये मॅगझीन बदलते तशी हातात बदलत नाही.

‘आखूड रायफलीला संगीन काय उपयोगाची?’ हे आमच्या भागात तरी विचारू नका. पल्ला कमी होतो हे खरं. पण २००४ च्या मे महिन्यात इराकमध्ये डॅनी बॉय चौकीजवळ ब्रिटिश जवानांनी एल८५ लाच संगीन लावून हल्ला केला होता.

आणि ती दुमडायची बट

शेवटची चूक अलीकडे वाढली आहे, अमेठीजवळ कोरव्याला एके-२०३ तयार व्हायला लागल्यापासून. बट म्हणजे दस्ताच. पोरं म्हणतात, ‘मेजर, बट दुमडली की ७०० मिलिमीटर होते, मग बुलपप कशाला?’ प्रश्न चांगला आहे, म्हणून रागावत नाही. एके-२०३ दुमडून गाडीत बसायला, दोर धरून उतरायला, पाठीवर टाकायला उत्तमच. पण गाडीतून उतरल्यावर नेम धरायचा तर बट उघडायची, आणि मग ती पुन्हा ९०० च्या आसपास जाते. बुलपप बसतानाही ७२० आणि गोळी झाडतानाही ७२०. त्या बदल्यात दुमडणारी रायफल तुमच्या खांद्याच्या मापाची होते, मॅगझीन डोळ्यांसमोर राहते, डावखुऱ्याला चालते, आणि ज्या जवानाचे हात वर्षानुवर्षं एके-४७ वर बसलेत त्याला नव्याने काही शिकावं लागत नाही. लाखो जवानांच्या सैन्यात हे शेवटचं कारण एकटंच पुरेसं आहे. नवीन मांडणी म्हणजे नुसती नवीन रायफल नव्हे; प्रत्येक उस्तादाचा हात नव्याने घडवायचा.

आता तिसरी लाकडी रायफल करायला टाकली आहे, बिजागरीची बट असलेली. सुतार म्हणतो पुढच्या आठवड्यात देतो. ती आली की टेम्पो आणि बांध, दोन्ही ठिकाणी तिघींना एकत्र नेणार आहे. पाऊस असेल तर उत्तम.